झाकलेल्या कामाचं माप

बांधकामाच्या धंद्यात 'झाकलेलं काम' म्हणून एक प्रकार असतो. भिंत उभी राहिली की ती कोणीही मोजावी, वर्षाने मोजावी, टेप लावून दोनदा मोजावी. पण पाया मातीखाली गेला, पुलाचा खांब नदीच्या तळात गाडला गेला, की त्याचं माप उरतं ते फक्त वहीत. सरकारी भाषेत ती मोजमाप वही, कामावरच्या लोकांच्या तोंडी नुसती एमबी. ठेकेदार आणि खात्याचा माणूस, दोघांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून माप घ्यायचं, वहीत लिहायचं, सह्या ठोकायच्या आणि काँक्रीट ओतायचं. त्यानंतर वही म्हणेल ते खरं, आणि पैसेही तेवढ्याचेच. शेदीडशे वर्षं अख्खा धंदा असा 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या एका म्हणीवर निवांत चालला होता.

२०४२ साली 'तळदर्शी' आलं आणि मूठ उघडली.

तळदर्शी म्हणजे दिसायला मनगटाएवढी जाड एक लांब नळी. तिच्यामागचं विज्ञान मात्र आकाशातून येतं. अवकाशातले किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण जन्मतात. इलेक्ट्रॉनचे हे थोराड भाऊ. तळहात उघडा धरला तर मिनिटाला शंभरेक म्यूऑन त्यातून आरपार जातात आणि आपल्याला गुदगुलीही होत नाही. ते दगडातूनही जातात. फक्त पदार्थ जितका जड, तितके जास्त कण वाटेत अडतात. म्हणून गाडलेल्या खांबाशेजारी एक भोक पाडायचं, नळी त्यात उतरवायची आणि कोणत्या दिशेने किती कण पोचतात ते दहा-अकरा दिवस मोजत बसायचं. काँक्रीट गाळापेक्षा जड, खडक त्याहूनही जड. त्या मोजदादीतून जमिनीखालचं चित्र उमटतं: इथे खडक लागला, इथे खांब संपला. चूक फार तर पाच सेंटिमीटरची.

दोन वर्षांत या नळीने भल्याभल्यांची झोप उडवली. निवृत्त अभियंत्यांचे रक्तदाब वाढले. सांगलीत एका मुलीच्या बापाने सोयरीक ठरवण्याआधी व्याह्यांच्या बंगल्याचा पाया तपासून घेतला आणि लग्न मोडलं. पत्रिका जुळली होती, कॉलम जुळले नाहीत!

मृदुला चौगुलेला मात्र ही नळी मनापासून आवडायची. ती कोल्हापूरच्या वादनिवारण मंडळावर मोजमाप तज्ज्ञ होती. ठेकेदार आणि खातं यांचं भांडण कोर्टात जाण्याआधी या मंडळापुढे यायचं. दोन्हीकडचे वकील घसे कोरडे करायचे आणि शेवटी अध्यक्ष वाघचौरे विचारायचे, "चौगुले मॅडम, प्रत्यक्षात आहे किती?" त्यावर मृदुला जो आकडा सांगेल तो दोन्ही बाजू मान्य करत. तिचा आकडा कधी खोटा पडला नव्हता. बावीस वर्षांची कमाई म्हणजे ही एवढीच.

त्या मंगळवारी पडद्यावर पिंपळकोंडीच्या पुलाचं चित्र होतं. २०२२ साली बांधलेला पूल. नदीच्या तळात चोवीस पाईल, म्हणजे खोल भोकं पाडून काँक्रीटने भरलेले खांब. खात्याचे अभियंता घोरपडे काठी घेऊन उभे होते.

"पाईल एक ते आठ, वही आणि तळदर्शी यांचं माप तंतोतंत जुळतं. एकवीस ते चोवीस, तेही जुळतं. पण नऊ ते वीस, हे बारा पाईल वहीत लिहिलंय त्यापेक्षा आखूड आहेत. हा सूर्य हा जयद्रथ. ठेकेदाराने सरळसरळ फसवणूक केली आहे. आमची मागणी आहे की त्यांचं नाव कायमचं काळ्या यादीत टाकावं."

ठेकेदार यशवंतराव निकम समोर बसले होते. वय सत्तरीच्या पलीकडे, अंगात पांढरा हाफ शर्ट, चेहरा नांगरलेल्या रानासारखा. काळ्या यादीत नाव गेलं की त्यांच्या मुलीने चालवायला घेतलेली पेढी बंद पडणार होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पन्नास वर्षं पूल बांधलेला माणूस चोर म्हणून मरणार होता.

"तुमचं म्हणणं?" वाघचौऱ्यांनी विचारलं.

"यंत्र म्हणतंय तर आखूड असतील," निकम म्हणाले. "चोरी मी केली न्हाई. एवढंच."

त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

मृदुलाने आधीच एक गोष्ट मंडळाला लेखी कळवली होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी ती याच पुलावर खात्याकडून शिकाऊ म्हणून दोन महिने होती. कोणाची हरकत असेल तर ती बाजूला होईल. घोरपड्यांनी थोडा विचार केला होता. निकमांनी मात्र तिच्याकडे एकदा नीट पाहिलं होतं आणि ताबडतोब म्हटलं होतं, "माझी काय हरकत न्हाई."

अहवालासाठी दहा दिवस मिळाले.

घरी येऊन तिने बाराही आकडे एका कागदावर लिहिले. तूट अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, एक मीटर दोन, एक मीटर एक, नव्व्याण्णव... यंत्राची चूक धरली तर सगळे एकच आकडा सांगत होते. एक मीटर. एकही पाईल दीड मीटरने कमी नाही, एकही अर्ध्याने नाही.

तिची उत्सुकता चाळवली ती इथे. चोऱ्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. चोर पहिल्यांदा घाबरत घाबरत वीतभर चोरतो, पचलं की हातभर. चोरीला भूक असते, ती वाढत जाते. बारा वेळा बरोब्बर एकच मीटर चोरणारा आणि तेराव्या वेळी शहाण्यासारखा थांबणारा चोर तिने पाहिला नव्हता.

मग तिने दुसरी गोष्ट पाहिली, पूल धोक्यात आहे का? पाईल खडकात दीड मीटर रुतलेला असावा लागतो. तळदर्शीच्या चित्रात बाराच्या बारा पाईल खडकात पुरेपूर दीड मीटर रुतलेले होते. म्हणजे पूल ठणठणीत होता. खडकच वहीतल्यापेक्षा मीटरभर वर होता. पाईल आखूड आणि तरी पुरेसे! हे कसं काय?

दुसऱ्या दिवशी ती पिंपळकोंडीला गेली. पुलावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. ती नदीकाठच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसून डबा खाऊ लागली. शेजारी एक बाई गोधडी आपटत होती.

"पायऱ्या छान आहेत की," मृदुला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"पूलवाल्यानं बांधून दिल्यात. आमी कुणी मागितल्या नव्हत्या. आधी चिखलातनं उतराय लागायचं, दर साली कुणाचं ना कुणाचं कंबरडं मोडायचं."

मृदुलाने मान डोलावली आणि भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. तिचं लक्ष पाईलांच्या आकड्यांवर होतं.

एमबीतलं अक्षर आप्पासाहेब मगदुमांचं होतं. मगदूम अण्णा, पुलावरचे खात्याचे अभियंते, तिचे पहिले गुरू. अण्णा निवृत्त होऊन जयसिंगपूरजवळ मळ्यात राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर. ती पोचली तेव्हा ते वालाच्या वेलाला मांडव घालत होते.

"कोण, मृदुला? ये ये. आज वाट चुकलीस व्हय?" मग आत वळून, "अगं ए, ताक आण. आमची साहेबीण आलीया."

ताक पिऊन होईपर्यंत तिने कामाचा विषय काढला नाही. मग एमबीच्या पानांच्या प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते. निकमांना काळ्या यादीत टाकणार हे ऐकल्यावर त्यांचा हात मांडीवर थांबला.

"निकम काय म्हणाले?"

"काही नाही. यंत्र म्हणतंय तर आखूड असतील म्हणाले."

"तसलाच हाय तो. तोंडात मूग." अण्णांनी एमबीच्या प्रती जवळ ओढल्या. मग म्हणाले, "पाईलची खोली कशानं मोजायचो आपण?"

"टेपने. टोकाला शिशाचं वजन बांधून भोकात सोडायची, तळाला टेकली की आकडा वाचायचा."

"आणि टेपचं टोक तुटलं तर?"

"तुटलेला भाग कापायचा. वजन एक मीटरच्या खुणेवर बांधायचं आणि प्रत्येक मापातनं एक..."

ती थांबली.

तिला ती संध्याकाळ लख्ख आठवली. भोकाच्या लोखंडी नळकांड्याखाली टेप चिरडली होती. तिनेच ती कात्रीने कापली, वजन एक मीटरच्या खुणेवर घट्ट बांधलं, गाठ ओढून पाहिली. सकाळी अण्णांना सांगायचं, प्रत्येक मापातून एक वजा करा. पण सकाळी सहाच्या एसटीने ती परीक्षेला गेली. दोन आठवडे. डोक्यात तेव्हा पेपर होते, टेप नव्हती.

"नववा पाईल," ती म्हणाली.

"व्हय. रोज एक. तू परत यायच्या आदल्या दिवशी विसावा झाला. मला कसं कळलं सांगू? सळ्यांचा पिंजरा आपल्या मापानं बांधायचे, भोकात सोडायचे, वर आलेलं कापायचे. त्या दिवशी कापलेल्या तुकड्यांचा ढीग बघितला. सगळे तुकडे मीटर-मीटरचे. म्हटलं, हे काय गौडबंगाल? टेप ओढून बघितली. शून्याच्या जागी एक!"

"म्हणजे खडकाचं मापही..."

"त्याच टेपनं. खडक लागला तेव्हाचं माप आणि भोक संपल्याचं माप, दोन्हीत चूक सारखीच. वजाबाकीत उडून जाती. म्हणून पूल उभा हाय. देवाची कृपा म्हण."

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही?"

"निकमांना सांगितलं. म्हटलं, वही दुरुस्त करतो, वरच्याला कळवतो. ते म्हणाले, साहेब, चौकशी लागंल, पोरीचा डिप्लोमा अडकंल. गरिबाची पोर हाय. काँक्रीटचं मी बघतो, कुणाचं एक घमेलंही माझ्याकडं ठेवणार न्हाई. कसं बघितलं ते मी विचारलं न्हाई." अण्णांनी पंच्याने तोंड पुसलं. "चूक माझी हाय, मृदुला. तुझी एका टेपची. माझी अख्ख्या वहीची. वही दुरुस्त करायला पायजे होती."

ती परत आल्यापासून अण्णा रोज प्रत्येक मापाआधी ओरडायचे, 'आधी शून्य बघ, मग आकडा बोल!' तिला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय. तेच वाक्य ती वीस वर्षं नव्या पोरापोरींना शिकवत आली होती, स्वतःचंच शहाणपण असल्यासारखं. तिला भयंकर लाज वाटली.

"आता ऐक," अण्णा म्हणाले. "मी येतो मंडळापुढं. सांगतो, टेप मीच बांधली आणि मीच विसरलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण फाशी देतंय? निकम सुटतील, तुझी खुर्ची ऱ्हाईल. तुझं नाव त्या वहीत कुठंच न्हाई."

ते खरं होतं. शिकाऊ माणसाची सही एमबीत नसते. तळदर्शी नदीच्या तळाखालचा खडक दाखवू शकत होतं, पण गाठ कोणाच्या हाताने बसली हे त्याला कधीच दिसणार नव्हतं. परतीच्या वाटेवर तिने अण्णांची सूचना दहा वेळा उलटीसुलटी करून पाहिली. मोह झाला, नाही कशाला म्हणा? तिने कबूल केलं तर तिचे आजवरचे अहवाल लोक उकरून काढणार. ज्या बाईने शून्य पाहिलं नाही तिच्या आकड्याला कोण विचारणार?

पण एक प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. निकमांनी काँक्रीटचं 'बघितलं' म्हणजे काय केलं?

अर्ध्या वाटेत तिला गोधडीवाल्या बाईचं 'आमी कुणी मागितल्या नव्हत्या' आठवलं; तिने गाडी वळवली आणि पुन्हा पिंपळकोंडी गाठली. ऊन कलायला तासभर होता. नदीकाठच्या पायऱ्यांशी येऊन तिने पिशवीतून टेप काढली. या वेळी आधी शून्य पाहिलं.

पायऱ्या म्हणजे एकावर एक सरकवून रचलेले काँक्रीटचे ठोकळे होते, बाजूने स्पष्ट दिसणारे. पंधरा ठोकळे. रुंदी साठ सेंटिमीटर, उंची पंचवीस. लांबी सहा मीटर तीन सेंटिमीटर. तिने पुन्हा मोजलं. सहा मीटर तीन. प्रत्येक ठोकळा.

सहा मीटर तीन? कोणता शहाणा माणूस पायरीला तीन सेंटिमीटर जास्तीचे ठेवतो? सहा ठेवील, साडेसहा ठेवील. असा साचा सुताराकडून मुद्दाम करून घ्यावा लागतो.

तिने पायरीवर बसून कागदावर गुणाकार केला. पंधरा ठोकळ्यांचं काँक्रीट तेरा पूर्णांक सत्तावन्न शतांश घनमीटर. मग बारा पाईलांचा एक-एक मीटर, व्यास एक मीटर वीस.

तेरा पूर्णांक सत्तावन्न.

ती त्या आकड्यांकडे कितीतरी वेळ बघत बसली. वहीत नाही, कागदावर नाही, कोणाला सांगितलं नाही. पण माणसाने शेवटच्या घमेल्यापर्यंत भरून दिलं होतं. आणि गावातल्या बाया बावीस वर्षं त्यावर गोधड्या धूत होत्या. तिला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. तिने ते दोन्ही होऊ दिलं. नंतर फोन काढून निकमांना लावला.

"यशवंतराव, मी पायऱ्या मोजल्या."

पलीकडून प्रश्न आला, "किती भरल्या?"

"तेरा सत्तावन्न."

"मग बरोबर हाय."

"तुम्ही मंडळापुढे सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आरोपी म्हणतो टेप तुटली होती! शेंबडं पोरगंसुदिक हसंल. मोजणाऱ्यानं स्वतः मोजून काढलं तर गोष्ट येगळी. म्हणून तर तुम्हाला हरकत घेतली न्हाई." मग ते म्हणाले, "मगदूम साहेबांचं नाव आणू नका. म्हातारा माणूस हाय."

"ते स्वतःचं नाव स्वतःच आणणार आहेत. आणि मी माझं."

पुढच्या सुनावणीला मृदुला तज्ज्ञाच्या खुर्चीवर बसली नाही. साक्षीदाराच्या खुर्चीशी उभी राहिली. वाघचौऱ्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, तुमची जागा तिकडे आहे."

"आज नाही साहेब. या प्रकरणातली चूक माझ्या हातची आहे."

तिने टेप सांगितली, गाठ सांगितली, एसटी सांगितली. तिच्यामागून अण्णांनी वही सांगितली. घोरपडे हुशार होते; ते ताडकन उठले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, हे मलाही मान्य आहे. पण पायऱ्यांचा आकडा तरी कोणी काढला? यांनीच! यांच्या मापावर आता विश्वास कसा ठेवायचा?"

हाच प्रश्न येणार हे मृदुलाला ठाऊक होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ठेवू नका. तुम्ही मोजा."

शनिवारी अख्खं मंडळ पिंपळकोंडीच्या काठावर उतरलं. वाघचौऱ्यांनी तिला आधीच बजावलं होतं: तिचे जुने अहवाल तपासून होईपर्यंत तज्ज्ञांच्या यादीत तिचं नाव राहणार नाही. त्याला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. ती हो म्हणाली होती. आदल्या रात्री ती रडली होती, आणि मग आश्चर्य म्हणजे गाढ झोपली होती.

माप घोरपडे वाचणार होते. लिहिणार होते खुद्द अध्यक्ष. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. ड्रायव्हर पुढे झाला, पण वाघचौरे म्हणाले, "चौगुले मॅडम धरतील. मोजायला बंदी आहे, धरायला नाही."

मृदुला चपला काढून खालच्या पायरीवर उतरली, गुडघ्यावर बसली आणि टेपचं टोक ठोकळ्याच्या कडेला लावलं. बावीस वर्षांपूर्वी ती याच काठावर अशीच बसायची. वरच्या पायरीवर अण्णा काठी टेकून उभे होते, त्यांच्या शेजारी निकम. धुण्याची बादली घेऊन आलेल्या बाया लांब थांबून बघत होत्या.

घोरपड्यांनी टेप ताणली आणि तोंड उघडलं.

"थांबा," निकम वरून म्हणाले. मग खाली वाकून, अगदी हळू, "मॅडम, शून्य बघितलं का?"

तिने मान खाली घातली. पाण्याने काळ्या पडलेल्या कडेवर शून्याची खूण बरोबर बसली होती. तरी तिने अंगठ्याने कड पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"शून्य," ती मोठ्याने म्हणाली. "आता बोला."

"सहा मीटर," घोरपडे म्हणाले, आणि वाकले, आणि चष्मा नाकावर सारून आणखी वाकले. "...तीन."

अध्यक्षांनी ते वहीत लिहिलं.